गळ्याच्या ऑपरेशननंतरचं मौन घरानेही पाळायला हवं



स्वरतंतूंचं ऑपरेशन झालं की डॉक्टर बजावतात, "इतके दिवस अजिबात बोलायचं नाही." कुणी तीन दिवस सांगतात, कुणी आठवडा. ना कडू औषध, ना पैशांचा खर्च. तरी हे पथ्य भल्याभल्यांना जमत नाही. मग घरातले म्हणतात, "स्वभावच बडबडा, दुसरं काय!" माझं मत जरा निराळं आहे. बडबड्या माणसापेक्षा भिडस्त माणसाचं मौन लवकर मोडतं, आणि ते मोडायला आपण सगळे हातभार लावतो.

आधी मौन कशासाठी ते बघू. स्वरतंतू म्हणजे गळ्यातल्या दोन छोट्या, नाजूक घड्या. बोलताना त्या एकमेकींवर आपटतात: पुरुषांच्या सेकंदाला साधारण शंभर-सव्वाशे वेळा, बायकांच्या दोनशेच्या आसपास. त्यांच्यावरचा पॉलिप काढला की तिथली जखम भरायला सवड हवी. कुजबुजणंही बहुतेक डॉक्टर नको म्हणतात, कारण त्यात पुष्कळांचा गळा उलट जास्त आवळला जातो. जोरात खाकरणंही नको, त्यापेक्षा घोटभर पाणी प्यावं.

आता स्वभाव. अमेरिकेतल्या रॉय आणि ब्लेस या संशोधकांच्या २००० सालच्या अभ्यासात स्वरतंतूंवर गाठी झालेली मंडळी अधिक बहिर्मुख आढळली. म्हणजे ज्याला माणसं लागतात, त्यालाच हे दुखणं आणि त्यालाच गप्प बसायची शिक्षा! पण बोलका माणूस मौन पाळूच शकत नाही, हे काही मला पटत नाही.

आमच्याच घरचं सांगतो. सौ.ने इंदूरच्या शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं, शिवाय संध्याकाळी भजनी मंडळ. बोलणं हाच तिचा श्वास. पॉलिप काढल्यावर पाच दिवसांचं मौन सांगितलं, तेव्हा आमच्या रामबागेतल्या शेजाऱ्यांनी पैजा लावल्या. तिने पाचही दिवस काटेकोर पाळले. उशाशी पाटी आणि देवघरातली घंटी. दाराला मराठीत आणि खाली हिंदीत कागद: "पाच दिवस मौन आहे. भेटायला जरूर या, प्रश्न विचारू नका." फोन माझ्याकडे. बोलकी असल्यामुळेच आपल्याला कुठे मोह होईल हे तिला आधी ठाऊक होतं. शिवाय आवाज गेला तर भजन जाईल, ही धास्ती होतीच.

याउलट बँकेतले माझे एक सहकारी. दिवसभरात मोजून दहा वाक्यं बोलणारे. त्यांचं मौन तिसऱ्या दिवशी मोडलं. कारण भीड! लेकीचा फोन आला, "बाबा, आवाज कसा आहे आता?" याचं उत्तर कसं द्यायचं, सांगा? दुपारी पाहुणे आले. आता इंदूरच्या माणसाने पाहुण्याला "पोहे घ्या ना" म्हणायचंच नाही, म्हणजे मोठीच पंचाईत. त्यांना बोलायची हौस नव्हती, गप्प बसणं त्यांना उर्मटपणाचं वाटलं.

म्हणून माझं म्हणणं, घरी सोडताना डॉक्टरांनी "बोलू नका" एवढं लिहून थांबू नये. दोन मिनिटं काढून विचारावं: घरी कोण आहे? फोन कोण उचलणार? कुणाला कमी ऐकू येतं का? आमच्या वयाच्या घरांत हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा. यजमानांना ऐकू येत नसेल, तर मौन संपल्यावर बाईंना पहिलं वाक्य ओरडूनच बोलावं लागणार, आणि ओरडणं तर मुळीच नको असतं.

दुसरं टोकही आहे. काही जण इतके धास्तावतात की सांगितलेले दिवस संपले तरी तोंड उघडत नाहीत. जपानमधल्या २०१७ सालच्या एका अभ्यासात तीन दिवस मौन पाळून मग शिकवल्याप्रमाणे आवाजाचे व्यायाम करणाऱ्यांचे स्वरतंतू, सात दिवस गप्प राहिलेल्यांपेक्षा चांगले भरून आले. म्हणून जास्त मौन म्हणजे जास्त गुण, असं धरू नये. मुदत ठेव मुदतीआधी मोडू नये आणि मुदत संपल्यावर विसरूनही जाऊ नये, हे आम्ही बँकवाले सांगायचो, तसंच हे. दिवस डॉक्टरांनी ठरवायचे, आपण मनाने कमी-जास्त करायचे नाहीत.

आपल्या मराठी घरांत आजाऱ्याची चौकशी करणं हे कर्तव्य मानतात, आणि ते चांगलंच आहे. फक्त या एका दुखण्यात चौकशीची रीत बदलू या. फोन घरातल्या दुसऱ्या माणसाला करा. भेटायला गेलात तर तुम्हीच बोला, आणि "हो-नाही"त, मान हलवून उत्तर देता येईल एवढंच विचारा. दहा मिनिटं बसून उठा. भिडस्त माणसाला तर स्वच्छ सांगा, "तुम्ही बोलला नाहीत तर आम्हाला मुळीच राग येणार नाही." एवढ्यानेच त्याचं अर्धं पथ्य पाळलं जाईल.