बघतो मी!

शुक्रवारची संध्याकाळ. साडेसात वाजलेत. टीममधली पोरंपोरी सहालाच 'बाय सर, हॅपी वीकेंड' करून सटकली. त्यातल्या दोघांनी तर ग्रुपवर फोटोही टाकलाय, लोणावळ्याच्या वाटेवरच्या वडापावचा. आणि तुम्ही? तुम्ही कुणाच्या तरी एक्सेल शीटमधल्या चुका शोधत बसलायत. पगार तुमचा जास्त, व्हिजिटिंग कार्डावरचं पद तुमचं मोठं, टीम लीड झाल्याचे पेढे तुम्ही वाटलेले... आणि ऑफिसात थांबलंय कोण, तर तुम्हीच!

आता खरं सांगा. आज दिवसभरात 'बघतो मी' (किंवा 'बघते मी') हे दोन शब्द तोंडातून किती वेळा निघाले?

शब्द साधेच आहेत हो. तुम्ही मीटिंगला पळत असता. कॉफी मशीनपाशी टीममधला एकजण गाठतो. "सर, एक मिनिट. त्या व्हेंडरचं जरा अडलंय." तुम्हाला विषय थोडाफार माहीत असतो. इतका, की कानाडोळा करता येत नाही. पण उभ्या उभ्या निर्णय देण्याइतका मात्र नाही. मग तुम्ही समजूतदारपणे म्हणता, "ठीक आहे, बघतो मी. सांगतो तुला." संपलं! या वाक्याच्या आधी ते काम त्याचं होतं, आता ते तुमचं झालं. दुसऱ्या दिवशी तोच पोरगा तुमच्या केबिनमध्ये डोकावतो. अगदी नम्रपणे. "सर, त्या व्हेंडरचं काही झालं का?" आता तुम्हीच ठरवा, फॉलोअप कोण कुणाचा घेतोय ते!

या गमतीला 1974 मध्ये विल्यम ऑन्केन आणि डोनाल्ड वॉस या दोन अमेरिकनांनी एक झकास नाव दिलं: माकड. 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये त्यांचा लेख आला. त्यात त्यांनी विचारलेला प्रश्न एकच, माकड कुणाच्या पाठीवर आहे? माकड म्हणजे त्या कामातली पुढची हालचाल. पुढचं पाऊल ज्यानं टाकायचं, माकड त्याचं. 'बघतो मी' म्हटलं की ते टुणकन उडी मारून तुमच्या पाठीवर येतं. लेखातलं गणित तर फारच मजेशीर आहे. हाताखाली चार माणसं. प्रत्येकानं दिवसाला फक्त तीनच माकडं सोपवायची, असं अगदी सौजन्यानं ठरवलं, तरी पाच दिवसांच्या आठवड्यात साहेबाच्या केबिनमध्ये 60 माकडं किंचाळत असतात. हा साहेब शनिवारी फायली उपसायला ऑफिसला येतो आणि खिडकीतून बघतो तर काय, समोरच्या मैदानावर त्याची चारही माणसं आरामात गोल्फ खेळतायत! तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडतो, की कोण कुणासाठी राबतंय.

50 वर्षं झाली या लेखाला. गोल्फच्या जागी लोणावळा आलं, इंटरकॉमच्या जागी व्हॉट्सॅप. माकडं तीच.

आपल्याकडे तर याहून भारी गोष्ट आहे. 'चांदोबा' वाचत मोठे झालेल्यांना विक्रम-वेताळ सांगायला नको. राजाच्या खांद्यावर वेताळ, आणि राजा बोलला रे बोलला की वेताळ उडून परत झाडावर. ऑफिसात उलटा कारभार चालतो. तुम्ही तोंड उघडलंत की वेताळ खांद्यावर बसतो, आणि अप्रेझलपर्यंत उतरत नाही.

प्रश्न असा, की एवढी हुशार, एमबीए-बिमबीए झालेली माणसं रोज या जाळ्यात अडकतात का? एक कारण सरळ आहे. तुम्हाला प्रमोशन मिळालं ते तुम्ही काम उत्तम करत होतात म्हणून. कोड तुमचा चांगला, क्लायंटचा मेल तुमचा चांगला, हिशेब तुमचा बिनचूक. त्यामुळे समोरचा दोन तास चाचपडणार हे दिसत असताना 'आण इकडे, वीस मिनिटांत करतो' असं वाटणं अगदी नॅचरल आहे. दुसरं कारण कुणी कबूल करत नाही. सगळे आपल्याला विचारायला येतात, आपल्यावाचून पान हलत नाही, हे मनाला गुदगुल्या करतं! आणि तिसरं खास आपलं. शाळेत बाईंना विचारून, घरी बाबांना विचारून आणि सरकारी खिडकीवर 'साहेबांना विचारून सांगतो' ऐकून आपण मोठे झालो. विचारणं म्हणजे आदर, परस्पर ठरवणं म्हणजे आगाऊपणा, हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की चोवीस वर्षांची चुणचुणीत मुलगीसुद्धा फॉन्टचा साइज विचारायला येते.

यात तुमची संध्याकाळ जाते हे खरं. पण मला विचाराल तर जास्त नुकसान त्या मुलीचं होतं. माझ्या ओळखीत अशीच एकजण आहे. तीन वर्षं एकाच टीममध्ये होती. लीड स्वभावानं प्रेमळ, अडलं की लगेच धावून येणारा. सगळ्यांना हेवा वाटावा असा बॉस! तिनं दुसरीकडे इंटरव्ह्यू दिला. तिथे विचारलं, 'तुम्ही स्वतः घेतलेला एखादा निर्णय सांगा, चुकला असला तरी चालेल.' तिला एकही आठवेना. कारण नव्हताच. तिची सगळी माकडं कुणीतरी मायेनं सांभाळली होती. नोकरी हातची गेली ती गेलीच, पण घरी येऊन ती जे म्हणाली ते जास्त बोचणारं होतं: "तीन वर्षं मी तिथे नक्की काय केलं गं?"

गूगलची गोष्ट इथे सांगायलाच हवी. इंजिनिअरांच्या या कंपनीत मॅनेजर नावाच्या प्राण्याची गरज तरी आहे का, अशी शंका होती. 2008 च्या सुमारास त्यांनी 'प्रोजेक्ट ऑक्सिजन' नावाखाली स्वतःचाच डेटा खणून काढला. चांगल्या मॅनेजरचे आठ गुण निघाले. पहिला, तो चांगला कोच असतो. दुसरा, तो टीमला मोकळीक देतो, सारखं मानेवर बसत नाही. आणि टेक्निकल ज्ञान? यादीत होतं, पण आठव्या नंबरावर! म्हणजे ज्या गुणासाठी तुम्हाला खुर्ची मिळाली, तो खुर्चीत बसल्यावर शेवटचा. जरा पचायला जड आहे, पण असो.

मग करायचं काय? 'आजपासून कुणी मला काही विचारायचं नाही' असा फतवा काढायचा? मुळीच नाही. ऑन्केन-वॉस जोडीनं पुढाकाराच्या पाच पायऱ्या सांगितल्यात, त्या फार कामाच्या आहेत. सगळ्यात खालची, सांगेपर्यंत वाट बघत बसणं. त्यावरची, 'सर, काय करू?' विचारणं. मधली, 'मला असं करावंसं वाटतं, करू का?' चौथी, करायचं आणि लगेच सांगायचं. पाचवी, करायचं आणि नेहमीच्या रिपोर्टमध्ये कळवायचं. त्यांचं म्हणणं, खालच्या दोन पायऱ्या टीममधून हद्दपार करा.

गंमत अशी की ही पायरी माणसाला चिकटलेली नसते, कामाला असते. इंटेलचे अँडी ग्रोव्ह यांनी 1983 च्या 'हाय आउटपुट मॅनेजमेंट' या पुस्तकात हे छान मांडलंय. एकच माणूस एका कामात मुरलेला आणि दुसऱ्यात अगदी नवखा असू शकतो. तुमचा सीनिअर डेव्हलपर डेटाबेसच्या बाबतीत पाचव्या पायरीवर असेल, पण क्लायंटला 'डेडलाइन हुकणार' असं सांगायची पहिलीच वेळ असेल तर तिथे तो तिसऱ्यावरच. त्याला 'तू सीनिअर आहेस ना, बघ तुझं तू' म्हणून सोडून देणं याला मोकळीक म्हणत नाहीत, अंग काढून घेणं म्हणतात. म्हणून काम देतानाच पायरी सांगा. "व्हेंडर कोणता ते तू ठरव, मला नुसतं कळव. पण रेट फायनल करायच्या आधी माझ्याशी बोल." दोन वाक्यं. बघा, अर्धे 'एक मिनिट सर' तिथेच गळतील.

आणि कॉफी मशीनपाशी कुणी गाठलंच तर? 'बघतो'च्या जागी दुसरं वाक्य तयार ठेवा. "तुला काय वाटतं?" सुरुवातीला समोरचा गडबडेल. पाच सेकंद शांतता पडेल आणि ती तुम्हालाच सहन होणार नाही, उत्तर जिभेवर येईल. गिळा. त्याला खरंच काही सुचत नसेल तर "उद्या चारला पंधरा मिनिटं बस माझ्याबरोबर, दोन पर्याय घेऊन ये." आता माकड त्याच्याच पाठीवर राहिलं, वर त्याला अपॉइंटमेंटही मिळाली. लेखातला हिशेबही असाच आहे. एका माकडाला खाऊ घालायला पाच ते पंधरा मिनिटं, तीही ठरलेल्या वेळी, समोरासमोर किंवा फोनवर. मेलवर नको, कारण मेल आला की पुढची हालचाल पुन्हा तुमचीच. त्यांनी हे लिहिलं तेव्हा मेल म्हणजे कागदी पत्र होतं. रात्री अकराच्या 'सर, प्लीज चेक' या मेसेजवर त्यांनी काय लिहिलं असतं देव जाणे!

एक धोक्याची सूचना मात्र देते. हल्ली काही केबिनांमधून एक डायलॉग फार ऐकू येतो, 'मला प्रॉब्लेम नको, सोल्युशन आण'. ऐकायला स्मार्ट आहे, पण माझ्या मते यासारखं घातक वाक्य नाही. ज्याच्याकडे सोल्युशन नाही तो मग प्रॉब्लेमही आणत नाही, ड्रॉवरमध्ये ठेवून देतो. आणि सगळ्यात मोठे प्रॉब्लेम असेच असतात, ज्यांचं उत्तर ज्युनिअरकडे नसतं. क्लायंट नाराज आहे, डेटा चुकीचा गेलाय, रिलीज पडणार आहे. वाईट बातमी हात हलवत आणायची मुभा हवीच. बातमी ऐकून घ्या, मग पुढचं पाऊल कुणाचं ते दोघांनी मिळून ठरवा. 1999 मध्ये हा लेख पुन्हा छापला तेव्हा स्टीफन कव्ही यांनी सोबत टिपण लिहिलं होतं. त्यांचाही रोख असाच होता, की माकड परत देण्याआधी समोरच्याला ते पेलण्याची तयारी आणि विश्वास द्यावा लागतो. त्याला वेळ लागतो. पहिला महिना तुम्हाला जास्तच थांबावं लागेल, हे आताच सांगून ठेवते.

आणि काही माकडं खरोखर तुमचीच असतात, ती ढकलू नका. टीमच्या पगारवाढीसाठी वर भांडणं तुमचं. दोघांचं पटत नाही, एकजण दुसऱ्याचं क्रेडिट खातोय, हे 'तुम्ही मोठे आहात, आपसात मिटवा' म्हणून संपत नाही. आणि एखादी मुलगी छळाची तक्रार घेऊन आली, तर 'तुला काय वाटतं, काय करावं?' हा प्रश्न तिथे नाही! 2013 च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसात अंतर्गत समिती असावीच लागते. तिला समितीपर्यंत नेणं, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची असते हे वेळेत सांगणं, आणि चौकशी चालू असताना तिच्या कामावर राग निघत नाही ना हे बघणं, हे सगळं तुमचं काम. इथे 'बघतो मी' म्हणा, आणि खरंच बघा.

सोमवारी एक प्रयोग करा. कागद घ्या. सध्या तुमच्याकडे अडकलेली सगळी कामं लिहा आणि प्रत्येकासमोर ते मुळात कुणाचं ते लिहा. मग एकेकाला बोलवा, ओरडायला नाही. "हे तुझं माझ्याकडे राहिलंय. पुढचं पाऊल काय टाकूया?" इतकंच. काहींचे चेहरे पडतील, काहींचे खुलतील. कोणाचे खुलतात ते लक्षात ठेवा, पुढचा टीम लीड त्यातूनच निघेल.

कागदावर काही नावं तुमच्या वरचीही येतील. साहेबांनी 'जरा बघ ना' म्हणून तुमच्या पाठीवर सोडलेली ती गलेलठ्ठ माकडं! त्यांना 'सर, तुम्हाला काय वाटतं?' विचारून चालत नाही. त्यांच्याबद्दल पुढच्या आठवड्यात.