नाव ईगल स्टाफचे, रेषा कुणाची?



नव्या शाळेची बाउंडरी जाहीर व्हायची वेळ आली की सिॲटल परिसरातल्या आपल्या मराठी घरांतही एकच चर्चा सुरू होते: आपले घर रेषेच्या आत की बाहेर? त्या शाळेला नाव कुणाचे दिले आहे, हे सहसा कुणी विचारत नाही. माझ्या मते हे दोन प्रश्न वेगळे काढताच येत नाहीत. उत्तर सिॲटलमधल्या रॉबर्ट ईगल स्टाफ मिडल स्कूलचे उदाहरण त्यासाठी पुरेसे आहे.

ही शाळा २०१७ च्या सप्टेंबरात उघडली. ईगल स्टाफ हे लकोटा जमातीचे शिक्षक. याच जागेवरच्या अमेरिकन इंडियन हेरिटेज हायस्कूलचे ते १९८९ पासून मुख्याध्यापक होते. इतरत्र नापास होऊन किंवा कंटाळून शाळा सोडणारी नेटिव्ह मुले त्यांच्याकडे टिकत आणि पदवी घेऊन बाहेर पडत. १९९६ साली, अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी, ते गेले. पुढे हेरिटेज हायस्कूल हळूहळू आकसत गेले, आणि २०१३ च्या लेव्हीतून इथे नव्या इमारती बांधायचे ठरले तेव्हा आधी जुनी इमारत पाडण्याचा बेत पुढे आला. त्या इमारतीच्या भिंतींवर अँड्र्यू मॉरिसन या नेटिव्ह चित्रकाराने चीफ सिॲटल, चीफ जोसेफ, सिटिंग बुल, जेरोनिमो यांची प्रचंड चित्रे काढली होती. लोकांनी आंदोलन केले, भिंती वाचवल्या, त्या नव्या वास्तूत बसवल्या गेल्या, आणि नावही मिळाले. जवळच लिक्टन स्प्रिंग्जचा झरा आहे. तिथल्या लाल मातीसाठी ड्वामिश लोक पिढ्यान्‌पिढ्या येत असत, आणि २०१९ मध्ये शहराने त्या जागेला वारसास्थळाचा दर्जाही दिला. (त्याच ड्वामिश जमातीला केंद्र सरकारने २००१ आणि २०१५ मध्ये मान्यता नाकारली आहे, हेही लक्षात असू द्यावे. शहराला त्यांच्या सरदाराचे नाव मात्र चालते.)

नावात काय आहे, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. मराठी माणसाने तर ते म्हणूच नये. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ चा आणि नामविस्तार १९९४ चा. मधल्या सोळा वर्षांत किती दलित घरे जळली हे आपल्यातल्या अनेकांनी पाहिले आहे. ईगल स्टाफच्या जागी पूर्वी जी शाळा होती तिला वुड्रो विल्सन यांचे नाव होते. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत काळ्या-गोऱ्यांना वेगळे बसवणारे राष्ट्राध्यक्ष ते हेच. ते नाव जाऊन लकोटा मुख्याध्यापकाचे यावे, याचा मला मनापासून आनंद आहे.

पण शाळेत कोण बसणार हे नाव ठरवत नाही, रेषा ठरवते. इथला थोडा इतिहास सांगते. १९७८ साली सिॲटलने कोर्टाच्या हुकुमाची वाट न पाहता मुलांना बसने दुसऱ्या वस्त्यांत पाठवून शाळा मिश्र करायचा प्रयत्न सुरू केला. पुढे हे बसिंग मागे पडले. जिथे जागांपेक्षा अर्ज जास्त येत त्या हायस्कूलांत वंश हा एक निकष तेवढा उरला. तोही सुप्रीम कोर्टाने २००७ साली पाच विरुद्ध चार मतांनी घटनाबाह्य ठरवला. २००९ मध्ये डिस्ट्रिक्टने नवी योजना मंजूर केली: घर जिथे, शाळा तिथली. घराजवळची शाळा हवी ही मागणी रास्तच आहे, पण घर कुठे परवडते यावर शाळा ठरू लागली.

या योजनेत दोन जातींच्या शाळा आहेत (शब्द जाणूनबुजून वापरते आहे). एक हद्दीची शाळा. हद्दीत राहणाऱ्या कोणत्याही मुलाला तिला नाही म्हणता येत नाही. दुसरी ऑप्शन स्कूल. तिथे अर्ज करायचा, जागा असेल तर प्रवेश. ईगल स्टाफ पहिल्या प्रकारची. त्याच इमारतीत २०१७ साली लिक्टन स्प्रिंग्ज के-८ ही दुसऱ्या प्रकारची छोटी शाळा आली. नेटिव्ह संस्कृती हा तिच्या अभ्यासक्रमाचा गाभा होता. हेरिटेज हायस्कूलच्या परंपरेचा काही अंश या जागेवर उरला असेल तर तो इथेच. मुले दोनशेच्याही आत.

माझे रोजचे काम अंदाज आणि चुकीची मर्यादा यांच्याशी आहे, म्हणून मला यातली गोम चटकन दिसते. पटसंख्येचा अंदाज कुणी कितीही काळजीपूर्वक केला तरी तो चुकणारच. प्रश्न असा, की चुकीचा भुर्दंड कुणी भरायचा? हद्दीची शाळा वाढली तर ती कायद्याने मुले नाकारू शकत नाही, म्हणून तिच्या शेजारी जो बिगर-हद्दीचा असेल त्याच्या खोल्या जातात. झालेही तसेच. ईगल स्टाफची पटसंख्या वाढत गेली आणि काही वर्षांतच लिक्टन स्प्रिंग्जला बॅलार्डमधल्या वेबस्टर इमारतीत हलवण्यात आले. चित्रे राहिली, नाव राहिले, शिकवण गेली. २०२४ मध्ये तूट भरून काढण्यासाठी डिस्ट्रिक्टने बंद करायच्या शाळांच्या ज्या पहिल्या याद्या काढल्या, त्यांत याच शाळेचे नाव होते. त्या वर्षी पालकांच्या विरोधामुळे शाळा बंद करण्याचा बेत मागे घेतला गेला, ही गोष्ट वेगळी.

यात कुणी दुष्ट नाही, आणि म्हणूनच हे बदलणे अवघड आहे. कुणी पालक उठून 'नेटिव्ह मुलांना बाहेर काढा' असे म्हणाला नाही. प्रत्येकाने फक्त आपले घर रेषेच्या आत राहील एवढे पाहिले. आपणही त्यातलेच. त्याच आवारात कॅस्केडिया ही हुशार म्हणून निवडलेल्या मुलांची प्राथमिक शाळा उघडली, आणि त्या निवडचाचणीची तयारी हा आपल्या घरगुती बैठकांतला किती आवडता विषय होता, हे मी सांगायला नको.

करता येण्यासारखे बरेच आहे. एखाद्या जागेवर मूळ रहिवाशांचे नाव देण्याचा ठराव बोर्ड करते, तेव्हा त्याच ठरावात त्यांच्या शिक्षणक्रमासाठी ठरावीक खोल्या राखून ठेवाव्यात, आणि इमारतीची क्षमता मोजताना त्या खोल्या आधीच वजा कराव्यात. पट वाढला तर रेषा आत सरकवावी, म्हणजे भुर्दंड शेजारच्या ऑप्शन स्कूलवर न पडता आपल्यासारख्यांवर, हद्दीतल्या घरांवर पडेल. वॉशिंग्टन राज्याने जमातींचा इतिहास शिकवणे २०१५ च्या कायद्याने सक्तीचे केले. टुलॅलिप जमातीचे आमदार जॉन मकॉय त्यासाठी २००५ पासून झटत होते. तो प्रत्यक्षात किती तास शिकवला जातो, हे मुलांच्या शाळेत जाऊन विचारायला तर कुठल्याही बोर्डाची परवानगी लागत नाही.

बाउंडरीच्या सुनावणीत प्रत्येकाला बोलायला दोन मिनिटे मिळतात. आपली माणसे तिथे जातात आणि नकाशा हातात घेऊन उत्तम बोलतात. पुढच्या वेळी त्यांतली निदान अर्धी मिनिटे या खोल्यांसाठी खर्ची घाला, एवढेच मागते.