वंशावळीत बायका कुठे आहेत?

गेल्या दिवाळीत माझी हिंगणघाटची एक मैत्रीण घरी आली ती हातात एक गुंडाळी घेऊनच. मारवाडी व्यापारी घराण्यातली ती सून. "बघ, आमची वंशावळ छापून आली," असं म्हणत तिनं ती गुंडाळी दिवाणावर पसरली. चकचकीत कागद, सोनेरी काठ, वर गणपती आणि खाली डेरेदार झाड. बुंध्याशी राजस्थानातून आलेला मूळपुरुष आणि वर सात पिढ्यांच्या फांद्या. पानापानावर नावं. मी कौतुकानं वाचत गेले, आणि वाचता वाचता एकदम थबकले.

"अगं, यात तू कुठे आहेस?"

मैत्रीण हसली. "आमच्या ह्यांच्या चौकटीत मी आहेच असं समजायचं!"

सात पिढ्यांच्या त्या झाडावर एकाही बाईचं नाव नव्हतं. आई नाही, बायको नाही, लेक नाही. पुरुषाला पुरुष फुटत गेला होता जणू!

थोड्या दिवसांनी मी तिच्याकडे गेले तेव्हा तिच्या सासूबाईंना सहज विचारलं. वय चौऱ्याऐंशी. डोळ्यांना कमी दिसतं, पण स्मरणशक्ती अशी की ऐकत राहावं. "ही थोरली आर्वीच्या जिनवाल्यांची. तिची नणंद पुलगावला दिली. पुलगावच्या धाकट्याची बायको यवतमाळची, ती माझी मावसबहीण..." अर्ध्या तासात बाईंनी वर्धा जिल्ह्यातल्या पाच-सहा व्यापारी घराण्यांचं जाळं माझ्यापुढे विणून ठेवलं. छापील कागदावर एकच घराणं होतं, आणि तेही अर्धं. बाईंच्या तोंडी मात्र अख्खी बाजारपेठ होती!

त्या दिवसापासून मला वाटायला लागलं, की व्यापारी घराण्यांची खरी वंशावळ लेकी-सुनांची असते. आपण फक्त ती लिहीत नाही.

थोडं मागे जाऊन बघू या. वर्धा हा स्वतंत्र जिल्हा झाला १८६२ साली. पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागेवर १८६६ साली वर्धा शहर वसवलं गेलं, आणि १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. त्याच्या थोडं आधी, १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं. तिकडचा कापूस येईना म्हणून इंग्लंडच्या गिरण्या अडल्या आणि सगळ्यांच्या नजरा आपल्या कापसाकडे वळल्या. हिंगणघाटच्या कापसाचं तर आधीपासूनच नाव होतं. पुढे जिन आले, प्रेस आले, हिंगणघाट-पुलगावला कापडगिरण्या आल्या. आणि या कापसामागे दूर राजस्थानातून शेखावाटी, बिकानेरकडची व्यापारी मंडळी विदर्भात येऊन स्थिरावली.

परक्या मुलखात उधारीचा धंदा करायचा तो कुणाच्या भरवशावर? नात्याच्या! नवखा मुलगा आला की त्याच्या जेवणाची सोय बासात व्हायची आणि कामाची सोय नातलगाच्या पेढीवर. हुंडी स्वीकारायची तर समोरच्याची पत बघावी लागे, आणि पत म्हणजे बरेचदा सोयरीक. अग्रवालांमध्ये सगोत्र लग्न करत नाहीत. म्हणजे मुलगी द्यायची ती जातीतल्याच, पण वेगळ्या गोत्राच्या घरी. त्यामुळे प्रत्येक लग्नागणिक एक नवं घर, बरेचदा एक नवं गाव जोडलं जाई. आठ-नऊ वर्षांची पोर डोक्यावर पदर घेऊन शेकडो मैल दूर जायची आणि तिच्या जाण्यानं दोन पेढ्या जवळ यायच्या. तिचं नाव मात्र ना खातेवहीत, ना वंशावळीत.

आपल्या वर्ध्याचंच सर्वांत नामांकित उदाहरण घ्या. बजाज घराणं. ज्यांच्या नावाची स्कूटर पुढे घरोघरी पोचली, ते घराणं आपल्या कापसाच्या वर्ध्यातून वर आलं. शेठ बच्छराज बजाज हे इथले मोठे व्यापारी. त्यांचा मुलगा रामधन अकाली गेला. मग सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यातला एक मुलगा त्याच्या नावे दत्तक घेतला गेला. १८८९ साली जन्मलेला हा मुलगा म्हणजेच जमनालालजी, ज्यांना गांधीजींनी आपला पाचवा मुलगा मानलं. झाडावर ही नोंद सरळ दिसते: बच्छराज, रामधन, जमनालाल.

पण ती घडली कशी? सांगतात ते असं, की बच्छराजजींच्या पत्नी सदीबाई त्या गावी गेल्या होत्या. अंगणात खेळणारं ते पोर त्यांच्या मनात भरलं आणि त्यांनी ते मागून घेतलं. मुलाच्या वडिलांनी, कनीरामजींनी, पैसे घेतले नाहीत. पाण्याचे हाल सोसणाऱ्या गावासाठी विहीर बांधून मागितली. ही गोष्ट ऐकताना माझ्या मनात दरवेळी एकच बाई उभी राहते. बिरदीबाई, त्या पोराची जन्मदाती. गावाला पाणी मिळालं, वर्ध्याच्या पेढीला वारस मिळाला, पण पाच वर्षांचं लेकरू दाराबाहेर पाठवताना त्या माऊलीला काय झालं असेल? एका बाईनं मागितलं, दुसरीनं दिलं, तेव्हा कुठे वंश पुढे सरकला. आणि वंशावळीत दोघीही नाहीत!

पुढे १९०२ साली जावऱ्याच्या जाजोदियांची लेक या घरात आली. वय जेमतेम नऊ. याच त्या जानकीदेवी. या बाईंनी घुंघट सोडला, सोनं अंगावरून उतरवलं ते कायमचं, खादी घातली, तुरुंगात गेल्या. १९२८ साली बजाजांचं लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी खुलं झालं, तेव्हा सनातन्यांचा रोष या घरानं झेलला. घर म्हणजे नुसते शेठजी थोडेच? नातेवाइकांचे टोमणे तर घरच्या बाईलाच आधी ऐकावे लागतात! जमनालालजी १९४२ साली गेल्यानंतरही जानकीदेवी थांबल्या नाहीत. गोसेवा, भूदान आणि कूपदान, म्हणजे गावोगावी विहिरी व्हाव्यात म्हणून दान मागत फिरणं, ही कामं त्यांनी केली. १९५६ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं आणि त्यांनी 'मेरी जीवन-यात्रा' हे आत्मचरित्रही मागे ठेवलं. सासऱ्यांच्या झाडावर मावणारी ही बाई आहे का?

आणि लेकी? थोरली कमला नेवटियांच्या घरी गेली. मदालसाचं लग्न १९३७ साली श्रीमन्नारायण यांच्याशी झालं. ते वर्ध्यातल्या वाणिज्य महाविद्यालयाचे प्राचार्य होते, पुढे गुजरातचे राज्यपाल झाले. धाकटी उमा राजनारायण अग्रवाल यांच्या घरी. सून सावित्री आली ती कलकत्त्याच्या पोद्दारांकडून. नातू राहुल बजाज यांनी तर १९६१ साली रूपा घोलप या आपल्या मराठी मुलीशी लग्न केलं. आता मला सांगा, या नावांतून लेकी-सुना वजा केल्या तर बजाज, जाजोदिया, नेवटिया, पोद्दार ही घराणी एकमेकांची कोण? कोणीच नाही! कागदावर सुटी सुटी चार झाडं उरतील. बाई मध्ये उभी राहिली की मग त्यांचं रान होतं.

हे फक्त आपल्याकडचं आहे असंही नाही, बरं का. अमेरिकेत सेलम नावाचं एक बंदर आहे. तिथली जहाजं पूर्वी हिंदुस्थानाशी व्यापार करत. तिथल्या डर्बी आणि क्राउनिनशील्ड या दोन व्यापारी घराण्यांत चक्क आपल्यासारखं साटंलोटं झालं होतं. इलायस डर्बीनं क्राउनिनशील्डांची एलिझाबेथ केली आणि इलायसची बहीण मेरी हिनं एलिझाबेथचा भाऊ जॉर्ज केला. याच मेरीच्या जेकब नावाच्या मुलानं १७९६ साली आपल्याकडून अमेरिकेत पहिला हत्ती नेला. हत्तीची आठवण लोकांनी दोनशे वर्षं जपली. ज्या दोन मुलींमुळे ती घराणी एक झाली, त्यांची कितीशी जपली? समुद्राच्या पलीकडे काय अन् अलीकडे काय, गोष्ट तीच.

तुम्ही म्हणाल, छापील झाडावर नाव असलं काय नि नसलं काय, पोटाला का मिळतं त्यानं? मीही पूर्वी असंच म्हणायचे. पण सामाजिक कामाच्या निमित्तानं खेड्यांत फिरायला लागले आणि माझं मत बदललं.

शेतकऱ्याचं निधन झालं की वारसनोंदीसाठी प्रतिज्ञापत्रावर वंशावळ लिहून द्यावी लागते. ही वंशावळ सोनेरी काठाची नसते. तिच्यावर सातबारा ठरतो, मदत ठरते, कर्ज ठरतं. एकदा अशाच एका विधवा बाईसोबत मी एका कार्यालयात गेले होते. दिरांनी वंशावळ लिहून आणलेली. तीन भाऊ, त्यांची मुलं, झालं! दोन बहिणींची नावं नाहीत, त्या "लग्न होऊन गेल्या" म्हणून. आणि ही विधवा, तिला दोन मुलीच, म्हणून तिच्या नवऱ्याची फांदी तिथेच छाटलेली. पुढे 'निरंक'. अहो, जिवंत बाई समोर उभी आहे, तिच्या दोन पोरी शाळेत जातायत, आणि कागदावर निरंक!

आम्ही दुरुस्ती मागितली तेव्हा थोरल्या नणंदेलाही बोलावलं होतं. साठीची बाई. तिचं बोलणं मी विसरू शकत नाही. "मले वावर नको वो बाई. पन मी या घरची लेक हावो, हे तं लिवा!"

कायदा काय सांगतो? १९५६च्या हिंदू वारसा कायद्यात विधवा, आई आणि मुलगी या मुलाच्या बरोबरीनं पहिल्या वर्गातल्या वारस आहेत, मग मुलगी लग्नाची असो वा बिनलग्नाची. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मानं हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रानं १९९४ साली केली, देशानं २००५ साली. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात तो हक्क आणखी पक्का केला, २००५ साली वडील हयात नव्हते तरी मुलीचा हक्क बुडत नाही म्हणून. पण मैत्रिणींनो, कायद्यानं दिलेला हक्क बजावायला आधी कागदावर असावं तर लागतं! वंशावळीतच नाव नसेल तर हक्क मागणार कोण? हक्कसोडपत्रावर सही घ्यायला मात्र याच "लग्न होऊन गेलेल्या" बहिणी बरोबर आठवतात. ही मोठी गंमतच म्हणायची.

काही जण म्हणतात, "मुलीचं नाव सासरच्या वंशावळीत येईलच की." कुठे येतं? सासरी तर तिचं पाळण्यातलं नावही बदलतात. तांदळात बोटानं नवं नाव लिहिलं की जुनं पुसलं. माहेरच्या झाडावरून ती गळते आणि सासरच्या झाडाला लागत नाही. पुढच्या पिढीला पणजीचं नाव विचारून बघा. पणजोबांचं दहातले पाच जण सांगतील. पणजीचं? मी स्वतः प्रयत्न केला. आईच्या आईची आई, तिला सगळे 'जिजी' म्हणायचे, एवढंच हाती लागलं. खरं नाव सांगणारं माणूसच आता उरलं नाही.

थोडं बदलतंय, नाही असं नाही. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळाच्या नावात महाराष्ट्रात आईचं नाव लावणं सरकारी कागदपत्रांसाठी बंधनकारक झालंय. आधी बाळ, मग आई, मग वडील, मग आडनाव. छान वाटलं ऐकून. पण पुढचं सोपं झालं म्हणून मागचं आपोआप लिहिलं जाणार नाही. ते आपल्यालाच करावं लागेल, आणि वेळ थोडा आहे. चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासूबाई किती दिवस आठवत राहणार?

माझ्या मैत्रिणीनं आता काय केलंय ठाऊक आहे? त्या सोनेरी वंशावळीची मागची कोरी बाजू काढलीये. रोज दुपारी सासूबाईंजवळ बसते आणि एकेक नाव टिपते. माहेरचं नाव, सासरचं नाव, कुठली, कुणाची, कुठे दिली. घरातले पुरुष आधी हसले. मग एके दिवशी सासरेबुवाच जवळ येऊन बसले आणि म्हणाले, "माझ्या आईचं माहेरचं नाव लिहिलंस का गं? गंगा होतं तिचं नाव."

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. तुमच्या घरी वंशावळ भिंतीवर लावलेली असो, ट्रंकेत ठेवलेली असो, नाहीतर तलाठ्याकडे द्यायची असो, ती एकदा उघडून बघा. त्यात तुमची आई आहे का? तुमची लेक आहे का? नसेल तर पेन घ्या. आणि घरात कुणी म्हातारी असेल तर तिच्यापासूनच सुरुवात करा, अगदी आजच दुपारी.