‘संशोधनाने सिद्ध झाले’ म्हणजे काय?

अमरावती काय आणि अकोला काय, घरोघरी मोबाइलवर रोज एक नवा नुस्खा येतो. कधी मेथीच्या पाण्याने शुगर जाते, कधी दुधाने सांधे बिघडतात. खाली ओळ ठरलेली: ‘संशोधनाने सिद्ध झाले आहे.’ अशा वेळी आम्ही वर्गात मुलांना एकच प्रश्न विचारायला सांगतो: संशोधन कोणत्या प्रकारचे?

पहिला प्रकार पाहणीचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण हे त्याचे उदाहरण. २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. ही पाहणी म्हणजे एका वेळी काढलेला फोटो. त्रास कितीजणींना आहे ते दिसते, कशामुळे झाला ते फोटो सांगत नाही.

दुसऱ्या प्रकारात आजारी आणि निरोगी अशी माणसे निवडून त्यांना मागचे खाणेपिणे विचारतात. काम लवकर होते. पण दहा वर्षांपूर्वी आपण आठवड्यातून किती वेळा तळलेले खात होतो, हे कोणाला नेमके आठवते? आजारी माणूस तर जास्तच खोदून आठवतो.

तिसऱ्या प्रकारात माणसांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत हेच केले. गरोदर स्त्रिया काय खातात ते नोंदवले, बाळे मोजली, पुढे ती मुले वाढताना पाहिली. बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते. ज्या माता दूध, पालेभाज्या आणि फळे अधिक वेळा घेत, त्यांची बाळे तुलनेने मोठी होती.

मग पालेभाजीनेच बाळ मोठे झाले का? ज्या घरी दूध-फळे येतात, तिथे पैसा, शिक्षण, आरामही थोडा जास्त असू शकतो. संशोधक अशा गोष्टी हिशेबात धरतात, तरी शंका उरते.

ती दूर करायला चौथा प्रकार, चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग. २००६ ते २०१२ या काळात मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील ६,५०० हून अधिक स्त्रियांचे असे दोन गट पाडले. नेहमीच्या जेवणाशिवाय एका गटाला पालेभाजी, फळे व दूध घातलेला समोशासारखा नाश्ता दिला, दुसऱ्याला बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा. गट चिठ्ठीने ठरल्यामुळे गरीब-श्रीमंत, शिकलेल्या-न शिकलेल्या दोन्हीकडे सारख्याच वाटल्या गेल्या.

निकाल काय लागला? सगळ्यांचा मिळून पाहिला तर बाळांच्या वजनातला फरक इतका थोडा, की तो योगायोगही असू शकेल. मात्र गर्भ राहण्याच्या किमान तीन महिने आधीपासून नाश्ता घेणाऱ्यांची बाळे सरासरी सुमारे ४८ ग्रॅमने जड होती. शिवाय ज्यांची तपासणी झाली त्यांच्यात गरोदरपणातला मधुमेह शंभरात सुमारे १२ ऐवजी ७ जणींनाच झाला.

४८ ग्रॅम म्हणजे फार नव्हे, आणि एका गटातल्या छोट्या गटाचा निकाल जपूनच वाचावा. पण ‘आधीपासून’ हा शब्द आपल्या घरांनी लक्षात ठेवावा. सून गरोदर राहिली की तिच्यापुढे फळे येतात. त्याआधी मात्र ती सगळ्यांचे जेवण झाल्यावर पातेल्यात उरेल ते खाते. लग्नाच्या वयाच्या मुलीचे दूध भावाच्या पेल्यात जाते.

आपल्या वऱ्हाडात अंबाडी, मेथी, पालक बाजारात मिळतात, हंगामात वरूड-मोर्शीचा संत्रा येतो. दस्तरखान मांडताना भाजी आणि फळाचा वाटा मुलीसाठी आणि सुनेसाठी आधीच काढून ठेवावा. पुढच्या वेळी ‘सिद्ध झाले’ असा मेसेज आला, तर तो पुढे पाठवण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: किती माणसे होती, किती काळ पाहिली, आणि तुलना कोणाशी केली? उत्तर मिळाले नाही, तर मेसेज तिथेच थांबवावा. आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी तर अशा मेसेजवरून कधीच बंद करू नये.