दोन चौकोन

दिवाळीच्या तोंडावर घरात रंगकाम काढू नये, असं मी या सदरात मागेही लिहिलं आहे. आमच्या घरी हे सदर कोणी वाचत नाही. रंगकाम निघालं.

सध्या हॉलच्या भिंतीवर दोन चौकोन मारून ठेवलेत. डावा मोतिया, उजवा फिका राखाडी. म्हणजे शेडकार्डावर तसं लिहिलंय; मला दोन्ही पांढरेच दिसतात. हे बोलून दाखवलं त्या दिवसापासून माझं मत धरलं जात नाही.

बाकी मतदान जोरात आहे. इस्त्रीवाल्यालाही चपला काढून आत यायला लावतात. वरच्या काकू सकाळी ट्यूब चालू असताना आल्या आणि राखाडीवर शिक्कामोर्तब करून गेल्या. रात्री वाटी परत द्यायला आल्या, तेव्हा कोपऱ्यातला पिवळा दिवा लागला होता. “अगं, मोतियाच घे, घर कसं भरल्यासारखं वाटतं!”

यात काकूंचा दोष नाही. पांढऱ्या ट्यूबचा उजेड साधारण ६५०० केल्विनचा, निळसर. पिवळ्या दिव्याचा २७०० च्या आसपास. मोतियातली पिवळी झाक एकात मरते, दुसऱ्यात उठून येते. आमची खिडकी उत्तरेची, तिथून येतो तो आभाळाचा उजेड, तोही निळसरच. शिवाय भिंती एकमेकींवर उजेड टाकतात, त्यामुळे कार्डावरच्या बोटभर पट्टीपेक्षा खोलीभर रंग गडद वाटतो. आमचा पेंटर हे सगळं एका वाक्यात सांगतो, “साहेब, एक शेड फिका घ्या, दोन हात मारले की चढतो.” आणि चहाला बसतो.

आमच्या गावच्या घरी ही भानगड नव्हती. चुना. कळीचा चुना पिंपात भिजत घातला की रटरट उकळायचा, पोरांना तिकडे फिरकायची बंदी. मग त्यात डिंकाचं पाणी, चुना अंगाला लागू नये म्हणून. ओला असताना कुंचा कुठवर फिरलाय ते कळायचंही नाही; वाळला की भिंत लख्ख. तरीही शर्टाची पाठ पांढरी व्हायचीच.

भांडण व्हायचं ते निळीवरून. चुन्याचा पिवळटपणा मारायला चिमूटभर नीळ लागते. चिमूट कोणाची, आजीची की आजोबांची, यावर दोघांचा अबोला मी पाहिला आहे. एका वर्षी आजोबांनी पुडी कोपऱ्यावर फाडली आणि अख्खी पिंपात गेली. ओटी, माजघर, देवघर, सगळं आभाळी. आजोबा म्हणत राहिले, वाळल्यावर उतरेल. वाळलं, उतरलं नाही. त्या दिवाळीत येणारा प्रत्येक पाहुणा आधी भिंतीकडे आणि मग आजोबांकडे बघायचा.

पुढच्या वर्षीपासून नीळ आजीच्या फडताळात गेली. आजोबांनी मागितली की ती चमच्याच्या टोकावर द्यायची, आणि पिंपापर्यंत स्वतः बरोबर जायची.