काचेच्या टाकीतील क्षय

गेल्या महिन्यात आमच्या धाकट्या चिरंजीवांनी माशांची काचेची टाकी घरी आणली. तीत बोटाच्या दोन पेऱ्यांएवढे, अंगावर निळे पट्टे असलेले झेब्रामासे. दुकानदाराने ते ‘फॉरेनचे’ म्हणून विकले. वस्तुतः हा मासा आपल्याच गंगेच्या खोऱ्यातला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ च्या आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केलेले आहे. वाचकांस नवल वाटेल, पण क्षयरोगाविषयीची एक जुनी समजूत या इवल्याशा जीवाने हलविली.

क्षयाचे जंतू शरीरात शिरले की भक्षकपेशी त्यांना गिळतात आणि त्यांच्याभोवती दाटी करून गाठ बनवितात. ही गाठ म्हणजे शत्रूला कोंडणारा तुरुंग, असे मानले जाई. आमच्या आत्याबाईंना क्षय झाला तेव्हा डॉक्टरांनीही ‘गाठ सुकली, आता भय नाही’ असाच धीर दिला होता. दोन वर्षांनी रोग उलटला, आणि आत्याबाई गेल्या.

परंतु गाठ बनताना प्रत्यक्ष पाहणार कशी? माणसाच्या फुप्फुसात डोकावता थोडेच येते! बडोद्यात वाढलेल्या आणि येथल्याच मेडिकल कॉलेजात शिकलेल्या ललिता रामकृष्णन यांनी अमेरिकेत असताना यासाठी झेब्रामाशाचा आश्रय घेतला. त्याची पिल्ले काचेसारखी पारदर्शक असतात. शिवाय मानवी क्षयजंतूचा निकटचा भाऊबंद, मायकोबॅक्टेरियम मरिनम, माशांना क्षयासारखाच रोग जडवितो. चकाकणारे जंतू पिल्लात सोडावयाचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत पिल्लातच त्यांची वाटचाल न्याहाळावयाची, अशी ही रीत.

२००९ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने जे प्रसिद्ध केले ते विलक्षण होते. जंतूच नव्या भक्षकपेशींना गाठीकडे ओढून घेतो. त्या येतात, मेलेल्या पेशी गिळतात आणि स्वतःच जंतूंचे घर होतात. त्यांतील काही बाहेर पडून अन्यत्र नवी गाठ मांडतात. निदान आरंभीच्या दिवसांत तरी तुरुंगाच्या किल्ल्या कैद्याच्याच हाती!

माशाला फुप्फुस नाही, हे विसरता कामा नये. माशात दिसले ते माणसात पुन्हा पडताळावे लागते. आत्याबाईंच्या दुखण्याचा उलगडा यातून झाला, असेही आम्ही म्हणणार नाही. मात्र त्या टाकीसमोर बसलो की त्यांची आठवण होते खरी.

जाता जाता एक सांगावयाचे. टाकीतल्या पाण्यात असलेला हाच जंतू जखमेवाटे शिरून माणसाच्या कातडीवर गाठी उठवितो. चिरंजीवांचे बोट परवाच कापले आहे. तूर्त पाणी बदलण्याचे काम आमच्याकडे आले आहे.