वाऱ्याच्या नावाची गाडी

दिवाळीच्या सुमारास बोनस हाती पडला, की घरोघरी मोटारीची चर्चा निघते. नवी घ्यावी की जुनी, लहान घ्यावी की मोठी, आणि शेवटी शेजाऱ्यांनी कोणती घेतली! या चर्चेत एका गाडीचे नाव मात्र सहसा कोणी काढत नाही. ती म्हणजे फोक्सवॅगनची पसाट.

भूगोलात 'व्यापारी वारे' शिकल्याचे वाचकांना आठवत असेल. जर्मन भाषेत त्या वाऱ्यांना 'पसाट' म्हणतात. 1973 साली निघालेल्या या मोटारीला तेच नाव मिळाले. आपल्याकडची शेवटची पसाट ऑक्टोबर 2017 मध्ये बाजारात आली, आणि तीही परकी म्हणवत नाही. फोक्सवॅगनचा कारखाना पुण्याजवळ चाकणला असला, तरी पसाटची जुळणी होई ती औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात. किंमत तीस लाखांच्या घरात. पुढे 1 एप्रिल 2020 पासून धुराचे नवे नियम लागू झाले, कंपनीने भारतात डिझेल गाड्या विकणे थांबवले, आणि पसाटही गेली. युरोपातसुद्धा 2023 च्या नव्या पिढीत ही गाडी फक्त मागे लांब डबा असलेल्या रूपात उरली. सेडान बंद झाली.

माझा पुतण्या हिंजवडीत नोकरीला आहे. यंदा त्याने 2018 सालची एक पसाट हेरली आणि मला पाहायला बोलावले. "काका, तीस लाखांची गाडी निम्म्या किमतीत मिळते आहे!" मी म्हटले, "अरे, गाडी निम्म्यात मिळते. पण तिचे टायर निम्म्यात मिळतात का?"

तरीही गाडीला न्याय द्यायला हवा. रविवारी सकाळी माणच्या रस्त्याने निघालो आणि पुढे मुंबईच्या महामार्गाला लागलो. 1968 घन सेंटिमीटरचे इंजिन, ताकद 177 अश्वशक्ती. पण आवाजाचा गाजावाजा नाही. वेग वाढला, की गाडी रस्त्याला अधिकच धरून राहते. मागे 586 लिटरची डिकी आहे. चौघांचे सामान ठेवून वर फराळाचे डबेही राहतील. आत चकचकाट कमी, पण प्रत्येक बटण हाताला पक्के लागते. घरंदाज माणसासारखी ही गाडी आहे. आपण होऊन काही सांगत नाही.

मग ती खपली का नाही? मला वाटते, नेमकी याच गुणामुळे. तीस लाख मोजणाऱ्याला ते चार लोकांना कळावेत असे वाटते, आणि थोडी भर घातली की मर्सिडीजचा तारा दिसू लागतो. ज्याला तारा नको, त्याला उंच जीपवजा गाडी हवी असते. उरलेल्यांना तिच्याच घरातली स्कोडा सुपर्ब अधिक ओळखीची होती. तिच्या पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर 2841 मिलिमीटर, पसाटचे 2786. त्यामुळे मागे पाय पसरायला सुपर्बमध्ये जागा जास्त.

इथे खरेदीदाराने एक गोष्ट मनाशी बांधावी. ज्या कारणाने ही गाडी आपल्याला स्वस्त मिळते, त्याच कारणाने उद्या ती आपल्यालाही स्वस्तात विकावी लागेल. आणि गाडी जुनी झाल्याने सुट्या भागांचे दर काही खाली येत नाहीत. दिलासा एवढाच, की इंजिन आणि गिअरबॉक्स सुपर्बच्याच जातीचे आहेत. त्यामुळे सुपर्बवर हात बसलेला मेकॅनिक पसाटलाही चालतो.

आता हिंजवडीचा प्रश्न. संध्याकाळी कचेऱ्या सुटल्यावर भूमकर चौकाकडे येताना 177 अश्वशक्तीची गाडीही बैलगाडीच्या चालीने चालते. या गाडीचा गिअर आपोआप पडतो. त्यासाठी आत दोन क्लच तेलात बुडवून ठेवलेले असतात. तासन्‌तास थांबत-सरकत जाण्याचा ताण त्यांच्यावर येतो. ते तेल 60,000 किलोमीटरला बदलावे लागते, आणि पैसे वाचवायचे म्हणून नेमके तेच टाळणारे मालक असतात. म्हणून रंग पाहण्याआधी सर्व्हिसिंगची पावती पाहावी. चाचणीत लिटरला सतरा किलोमीटरचा आकडा लागला होता, पण तो या गर्दीत मिळेल अशी आशा कोणी धरू नये.

पुतण्याच्या घरी हिशेब मांडला. घराचा हप्ता चालू आहे. त्याच्या कचेरीतून गेल्या काही महिन्यांत माणसे कमी झालेली. सूनबाईंनी शांतपणे विचारले, "काका, गाडी रोखीने घेतली, हप्ता नाही, हे खरं. पण नोकरी नसलेल्या महिन्यात गिअरबॉक्स बिघडला, तर?" मला वाटते, साऱ्या पारखीचे सार या प्रश्नात आले. विकणारा सांगतो ती गाडी घेण्याची किंमत. बाळगण्याची किंमत आपली आपल्यालाच काढावी लागते.

तेव्हा माझे मत स्पष्ट सांगतो. गाडी उत्तम आहे, पण सर्वांसाठी नाही. सर्व पावत्या असतील, जाणत्या मेकॅनिकने खालून तपासली असेल, आणि किमतीशिवाय दीड-दोन लाख दुरुस्तीसाठी बाजूला ठेवता येत असतील, तर जरूर घ्यावी. नोंदणीची पंधरा वर्षे 2033 पर्यंत आहेत, तोवर सुखाने वापरावी. विकून नफा होईल, हा विचार करू नये. पण जिच्यावर रोजची नोकरी, मुलांची शाळा आणि आईचे डॉक्टर अवलंबून आहेत, अशी घरातली एकुलती एक गाडी म्हणून ती घेऊ नये. पुतण्याला मी हेच सांगितले. त्याने आधी सहा महिन्यांच्या घरखर्चाची रक्कम बँकेत वेगळी ठेवली. मग उरलेल्या पैशांत पसाट बसेना. तो थोडा हिरमुसला खरा. सूनबाईंनी मात्र त्या रात्री निवांत झोप लागल्याचे सांगितले.